फर्लांगाच्या दगडापाशी पंगत

माझी शाळा सातवीतच सुटली. शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. शब्दही साधेच आहेत.

आमच्या बोरखडीत रस्त्यापासून आत, एका शेताच्या टोकाला फर्लांगाचा दगड आहे. असले दगड रस्त्याकडेला असतात, मग हा शेतात कसा, असं पाहुणे विचारतात. तेव्हा गावातले म्हातारे तुळाजीआबा सांगतात ते असं.

फार पूर्वी मोजणीचा गोरा साहेब आला म्हणे. त्याचा रस्ता कोंडाजी आणि ठकूबाई या नवराबायकोच्या विहिरीवरून जाणार होता. विहीर गेली की शेत गेलं. कोंडाजीनं साहेबाचे पाय धरले.

साहेबही शेतकऱ्याचाच मुलगा होता, असं सांगतात. दुभाष्याकरवी तो म्हणाला, "फर्लांग हा आमच्या नांगऱ्यांचा शब्द. बैल न थांबता जेवढं लांब तास, म्हणजे नांगराची रेघ, ओढतात, तेवढा फर्लांग. विहिरीपासून तेवढ्यावर मी दगड रोवतो. तिथवर तुझं तास न तुटता आलं, तर रस्ता दगडापलीकडून नेईन."

गाव हसलं. कोंडाजीचे बैल अर्ध्या वाटेतल्या बाभळीशी हटकून थांबत. ठकूबाई रोज तिथंच न्याहारी आणायची आणि पहिली भाकरी बैलांना द्यायची.

"बाभूळ आली की तुझे बैल पंगतीला बसतील, कोंड्या!" पाटील म्हणाले.

कोंडाजीनं चाबूक घेतला. ठकूबाईनं तो काढून ठेवला. "माराल तर जागीच बसतील. तुम्ही फक्त नांगराचं रुमणं धरा. पुढं मी चालते."

भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन ती नांगरापुढं निघाली. बाभूळ आली. बैलांचे पाय मंदावले. कोंडाजीनं रुमण्याची मूठ आवळली. पण ठकूबाई थांबली नाही, तिनं मागंही पाहिलं नाही. बैलांनी नाकं वर केली, माना लांबवल्या आणि भाकरीच्या वासामागं बाभूळ ओलांडली. तास थेट दगडाला भिडलं. गावानं एकच आरोळी ठोकली. साहेबानं टोपी काढली.

ठकूबाई दगडापाशी बसली, पाटी उतरवली आणि ओरडली, "या पाटील, पंगत इथं बसलीय!"

आजही रस्ता त्या शेताला वळसा घालून जातो. आजही पहिल्या नांगरटीला घरची बाई पाटी घेऊन पुढं चालते.

परवा आबांचा घसा बसला, म्हणून पाहुण्यांना ही गोष्ट मीच सांगितली. मान वर करायचा धीर होत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शेतात आमची पहिली नांगरट होती. आई पाटी घेऊन पुढं झाली, मी रुमणं धरलं आणि न तुटलेलं तास दगडाला नेऊन भिडवलं. मग बैलांना भाकरी दिली.