मनोऱ्याची किंकाळी

फार जुनी गोष्ट आहे असं समजा, म्हणजे कुणाला लागायला नको. एका शहराबाहेरच्या बागेत लोखंडाचा उंच मनोरा होता. माणसांना पाळण्यात बसवून तो वर न्यायचा आणि धाडकन खाली सोडायचा. जमिनीजवळ आला की पाळणा अलगद थांबायचा. जो सगळ्यांत मोठ्यांदा "वाचवा!" असं ओरडेल त्याला पुढची फेरी फुकट, अशी तिथली पद्धत होती. पाळणा चालवणारा हरबा भोंग्यावरून म्हणायचा, "आवाज येत नाही, मंडळी! आणखी जोरात!"

एके दिवशी पाळणा ओढणारी तार कण्हत म्हणाली, "दादा, माझे पेड तुटायला लागलेत. कुणाला तरी सांग ना."

मनोरा हसला. "मग ओरड की! इथं ओरडणाऱ्याचं कौतुकच होतं."

तार ओरडली. हरबाने भोंगा आणखी मोठा केला.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत तारेचे पेड भराभर सुटले आणि पाळणा वरच तिरका होऊन लोंबकळला. आता मनोऱ्याचंही धाबं दणाणलं. पाळण्यातल्या माणसांबरोबर तोही जिवाच्या आकांतानं ओरडला, "वाचवा!"

रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरबा खूश होऊन म्हणाला, "शाब्बास! याला म्हणतात आवाज!"

मग उरलेली तार तुटली.

बाग कधीच बंद झाली. मनोरा मात्र तिथेच गंजत उभा आहे. वारा सुटला की अजून ओरडतो, "वाचवा!" रस्त्यानं जाणारी पोरं थांबतात, वर बघतात आणि टाळ्या वाजवतात.