सगुणाच्या ओढणीच्या गाठी

खाडीकाठी एक इवलंसं गाव होतं आणि गावाच्या टोकाला एक इवलंसं खोपट. तिथे सगुणा आणि तिची आई राहायच्या. सगुणा फुलबागेतून कळ्या खुडून आणायची, आई त्यांचे गजरे करायची. बाबा खाडीपलीकडे मिठागरात कामाला गेले होते. खोपटाच्या छपराला भोकं होती आणि सगुणाच्या परकराला ठिगळं. पण कुणी काही सांगितलं, तर ती कधी 'नाही' म्हणायची नाही.

"सगुणे, सुईत दोरा ओवून दे गं."

"देते हं, नंतर!"

"सगुणे, करडाला पाला आणशील?"

"आणते हं, नंतर!"

आणि विसरायला नको म्हणून ती ओढणीला एक गाठ मारायची. आई पदराला मारते ना, तश्शी. होता होता गाठी इतक्या झाल्या, की ओढणी आखडून वीतभर उरली. त्यातून गंमत अशी, की सगळ्या गाठी दिसायला सारख्या! कुठली दोऱ्याची आणि कुठली पाल्याची, हे बाईसाहेबांना आठवेल तर शप्पथ.

एक गाठ मात्र ती विसरली नव्हती. अगदी टोकाची, चिंचोक्याएवढी, घट्ट. बाबांनी होडीवाल्या धाकूतात्यांकडून निरोप धाडला होता, त्या दिवशीची. "पुनवेच्या होडीने चिठ्ठी पाठवा. बोलावलंत तर येतो. काहीच आलं नाही, तर घरी अजून नड आहे असं समजेन आणि आणखी एक वर्ष राहीन."

आईला लिहिता येत नव्हतं, सगुणाला येत होतं. पण तिला कसं, लांबलचक, वळणदार अक्षरातलं पत्र लिहायचं होतं! म्हणून त्या गाठीला हात लागला की ती दुसरंच काहीतरी करायला पळायची.

आणि आज पुनव होती. उन्हं कलली की होडी सुटणार होती.

बागेत अबोली केशरी केशरी फुलली होती. मोगऱ्याच्या कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. सगुणा बकुळीखाली आली, तर कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी चमचम, चमचम करत होतं. पाहते तर काय, करंगळीएवढी परी! अबोली रंगाचे तिचे पंख जाळ्यात गुरफटले होते.

सगुणाने हळूच, एकेक धागा सोडवून तिला तळहातावर घेतलं. एक पंख जरासा फाटलाच.

"माझ्यासाठी नाही का गाठ मारलीस?" परीने किणकिणत्या आवाजात विचारलं.

"अगं, तू अडकली होतीस! अडकलेल्याला नंतर कसं म्हणायचं?"

परी गोड हसली. "मग तीन इच्छा माग. पण अट ऐक. तू कुणाला दिलेला शब्द मी पाळणार नाही, तो तुझा तूच पाळायचा."

सगुणाने झटकन मागितलं, "आजचा दिवस थोडा लांबव."

परीने बोट उचललं. सोनेरी सूर्य माडाच्या शेंड्यावर टेकला आणि तिथेच थांबला. आता वेळच वेळ! सगुणा निवांत बसली. एवढ्यात कुंपणापलीकडून भागीकाकीने हाक मारली, "सगुणे, वालाच्या शेंगा सोलून देशील का गं?"

"देते काकी, नंतर!" झाली आणखी एक गाठ. सूर्य तिकडे पुन्हा घसरायला लागला होता.

सगुणाला रडूच आलं. "परीताई, मग या सगळ्या गाठीच नाहीशा कर."

"करते की. पण त्यांच्याबरोबर तुझे शब्दही जातील. काकी शेंगा घेऊन वाट बघत बसेल आणि तुला आठवणारही नाही. चालेल?"

सगुणाने ओढणी छातीशी धरली. "नको! एकेका गाठीत कुणीतरी माझी वाट बघतंय. एवढंच सांग, आधी कुठली सोडवू?"

परीने ओढणीवर फुंकर घातली. टोकाची चिंचोक्याएवढी गाठ चांदणीसारखी लुकलुकली.

"ती नको गं," सगुणा पुटपुटली. "माझं अक्षर वाकडं येतं. छान लिहायला वेळ कुठाय आता?" आणि बोलता बोलता ती थांबली. "पण बाबा अडकलेत तिकडे."

तिने फणसाचं पान तोडलं. काट्याने कोरलं, "बाबा, या." अक्षरं वाकडी आली, तर आली.

"एक इच्छा उरलीय," परी म्हणाली. "होडी थांबवू?"

सगुणाने तिच्या फाटक्या पंखाकडे पाहिलं. "होडी मी पळत गाठते. तुझा पंख बरा होऊ दे."

आणि ती धूम पळाली. पण धक्क्यावर पोचली तेव्हा होडी पाण्यात दूर गेली होती. "धाकूतात्याऽऽ!" वाऱ्यात हाक कुणाला ऐकू जाते! सगुणा मटकन खाली बसली आणि हुंदके देऊ लागली.

तेवढ्यात कानाशी फडफड झाली. परी होती! नवाकोरा पंख झळाळत होता. तिने सगुणाच्या मुठीतलं पान अलगद उचललं, पाण्यावरून भिरभिरत नेलं आणि धाकूतात्यांच्या मांडीवर टाकलं. तात्यांनी वळून हात हलवला. मग खाडीभर गुलाबी, केशरी, रुपेरी उजेड पसरला, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

सगुणा घरी जाता जाता भागीकाकीकडे थांबली आणि शेंगा सोलल्या. एक गाठ सुटली. मग रोज एक, कधी दोन. ज्या आठवत नव्हत्या, त्या तिने घरोघरी जाऊन विचारल्या. नवीन काम आलं तर आता ती म्हणायची, "आज नाही हं जमणार, उद्या सकाळी येते." आणि सकाळी खरंच जायची.

पुढच्या पुनवेला होडी आली आणि होडीतून बाबा उतरले! सगुणाने त्यांना घट्ट मिठी मारली. आई हसत होती आणि डोळेही पुसत होती. बाबांच्या उपरण्याला एक गाठ होती.

"यात काय आहे, बाबा?"

"दमलोय गं पोरी. नंतर दाखवतो."

"नंतर नाही. आत्ता!"

बाबांनी गाठ सोडली. आत एक सुकलेलं फणसाचं पान होतं, आणि त्यावर वाकडी, ओळखीची अक्षरं लुकलुकत होती. "बाबा, या."