सहीच्या जागी अंगठा

एकदा एक वृद्ध गृहस्थ होते. घरांच्या आणि जमिनींच्या जुन्या नोंदी वाचणे हा त्यांचा व्यवसाय. कुणाला घर विकत घ्यायचे असले, की गेल्या तीस वर्षांत ते कुणाकुणाच्या हातांतून गेले, कुणी गहाण टाकले, कुणी सोडवले, याचा शोध ते नोंदणी कार्यालयातल्या कागदांत घेत आणि अहवाल लिहून देत. वकील त्यांच्या अहवालावर डोळे मिटून विश्वास ठेवत. सारा तालुका त्यांना गुरुजी म्हणे, जरी त्यांनी उभ्या आयुष्यात एकच विद्यार्थी घडवला होता.

हा शिष्य सहा वर्षे त्यांच्या हाताखाली होता. हुशार, झपाट्याने वाचणारा, आणि आपण झपाट्याने वाचतो याचा थोडा अभिमान बाळगणारा. इतरांच्या घरांचे कागद तपासता तपासता त्याची स्वतःची सहा वर्षे मात्र भाड्याच्या खोल्यांत गेली. अकरा महिन्यांचा करार संपला, की बिऱ्हाड हलवायचे. पत्नीला पाचवा महिना लागला, तेव्हा तिने एवढेच म्हटले, "पुढच्या वेळी सामान बांधायला मला वाकता यायचं नाही हं." त्या एका वाक्याने तो घर शोधायला बाहेर पडला.

घर शोधायचे म्हणजे एजंट आलाच. हा एजंट तोंडाचा मोठा गोड. त्याच्या तोंडी कुठलेच घर लहान नसे, ते 'आटोपशीर' असे. काळोखे नसे, 'उन्हाळ्यात गार' असे. नऊ घरे पाहून झाल्यावर दहावे मात्र शिष्याच्या मनात भरले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर एक खोली, परसात शेवगा. मालक साठीचा, सरळ वाटणारा माणूस होता. त्याने बेचाळीस लाख सांगितले, शिष्याने अडतीस म्हटले, आणि चहाचे तीन कप झाल्यावर चाळिसाला सौदा ठरला. बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र आले. शोध अहवाल शिष्याने स्वतःच लिहिला होता: वडिलांनी घर बांधले, वरच्या खोलीसाठी गहाण टाकले, फेडले, वडिलांच्या मागे मुलीने भावाच्या नावे हक्क सोडला, आता मालक हा एकटाच, घरावर कर्जाचा बोजा नाही. बँकेच्या वकिलानेही तेच म्हटले.

इसार द्यायच्या दिवशी त्याने गुरुजींना आग्रहाने बोलावले. आपल्या घराचा पहिला धनादेश त्यांच्या देखत द्यावा, ही त्याची हौस. एजंट घाईत होता. "साहेब, चार वाजता दुसरी पार्टी येतेय. रोख देणारी आहे. मी तुमच्यासाठी थांबवलीय." एजंटांच्या जगात दुसरी पार्टी नेहमी चार वाजताच का येते, हे मला आजवर कळलेले नाही.

गुरुजींनी कागदांची फाइल मागितली. त्यांनी शिष्याचा अहवाल वाचलाच नाही. ते एकदम जुन्या दस्तांच्या नकलांकडे गेले. एका पानावर बराच वेळ थांबले, मग मागे जाऊन दुसरे पान काढले, ते पहिल्याशेजारी ठेवले. शिष्याने सही करून धनादेश पुढे केला. मालकाने हात पुढे करण्याआधीच गुरुजींनी तो उचलला, घडी घातली, आपल्या चष्म्याच्या डबीत ठेवला आणि डबी बंद केली.

"उद्या सकाळी पहिल्या एसटीने आपल्याला एका गावी जायचंय," ते शिष्याला म्हणाले, आणि उठले.

एजंटचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मालक गोंधळला. शिष्याची कानशिले तापली. गुरुजींपुढे ब्र काढायची त्याला सवय नव्हती, पण त्या दिवशी घरी पत्नीने "झालं का काम?" असे विचारले तेव्हा त्याच्याच्याने मान वर करवली नाही. घर हातचे जाणार, हीच धास्ती त्याला रात्रभर होती.

बसमध्ये गुरुजींनी दोन्ही नकला त्याच्या मांडीवर ठेवल्या. एक चोवीस वर्षांपूर्वीचे गहाणखत. वडिलांनी ते करताना साक्षीदार म्हणून लेकीची सही होती: कुमुदिनी. गोल, टपोरे अक्षर. 'कु'चा उकार खाली जाऊन वेलीसारखा वळलेला. दुसरे बारा वर्षांपूर्वीचे हक्कसोडपत्र, तिच्या सासरच्या गावचा पत्ता असलेले. त्यावर त्याच कुमुदिनीच्या सहीच्या जागी नुसता अंगठा, आणि शेजारी कारकुनाच्या हातचे 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'.

शिष्याने ही दोन्ही पाने तीनदा वाचली होती. एकदाही त्याला हे दिसले नव्हते. जिला लिहिता येते, ती अंगठा का देईल? तो अंगठा तिचाच आहे ना? बनावट असेल तर वीस वर्षे हप्ते बँकेत आणि उरलेला जन्म कोर्टात! गुरुजींकडे त्याने पाहिले. ते खिडकीशी डुलक्या घेत होते.

गावात उतरल्यावर चौकातल्या वाचनालयापाशी गुरुजी थांबले. दाराशी फळा होता. त्यावर खडूने लिहिलेले: 'बुधवारी वाचनालय बंद राहील.' गुरुजी ते वाक्य असे वाचत राहिले, की जणू त्यात काही गहन अर्थ दडला आहे. मग त्यांनी 'बु'च्या उकारावर बोट ठेवले. तो खाली जाऊन वेलीसारखा वळला होता.

ज्या माणसाजवळ आपण सहा वर्षे बसलो, त्याचे डोळे आपण आज प्रथम पाहतो आहोत, असे शिष्याला वाटले.

आत टेबलापाशी सत्तरीच्या कुमुदिनीबाई पुस्तकांना कागदी कव्हरे घालत बसल्या होत्या. गुरुजींनी नमस्कार केला, आपण कोण ते सांगितले, आणि दोन्ही पाने टेबलावर ठेवली.

"ताई, हा अंगठा तुमचाच का?"

त्यांनी पाने पाहिली. कात्री बाजूला ठेवली. "माझाच," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं झाली. आजवर कुणी विचारलं नाही."

शिष्याने सुटकेचा श्वास सोडला. म्हणजे कागद खरा! पण गुरुजी तसेच उभे राहिले, आणि बाई बोलू लागल्या.

"वडील गेल्यावर भाऊ म्हणाला, ताई, घर तुझंच आहे गं, कागदाला तेवढी सही दे. साडीचोळी आणली होती. हक्कसोडीला आणतात तशी. नाही म्हणायचं धाडस नव्हतं, माहेर तुटलं असतं. पण लिहायला बसले आणि हात चालेना. ते नाव मला वडिलांनी त्याच घरात हात धरून गिरवायला शिकवलं होतं. ते तिथं लिहिलं असतं, तर मी मनापासून दिल्यासारखं झालं असतं ना? मग म्हटलं, चष्मा विसरले. अंगठा दिला. माहेर तुटलं नाही. तो बोलावतो. पण त्यानंतर माझंच पाऊल तिकडे पडलं नाही."

परत येताना स्टँडवर गुरुजींनी चष्म्याची डबी उघडून धनादेश शिष्याच्या हातात दिला. "कायद्यानं कागद पुरा आहे. तू आज हा दिलास, तर कुणी तुझं काही वाकडं करू शकणार नाही. पण तू फक्त नोंदवहीत चढलेला बोजा शोधलास. काही बोजे वहीत चढत नाहीत, बाळ. ते घराबरोबर येतात, आणि घेणाऱ्याला पत्ताही नसतो. तो बोजा मला दिसला, तुला दाखवला. घ्यायचा की नाही, ते तू ठरव."

इतक्यात एजंटचा फोन आला. दुसरी पार्टी खरेच आली होती आणि एक्केचाळीस द्यायला तयार होती. शिष्याला वाटले, धावत जावे आणि हा धनादेश मालकाच्या हातात कोंबावा. पत्नीचे वाकलेले शरीर त्याच्या डोळ्यांपुढे आले. त्याचे घर, त्याचे बाळ, आणि मध्ये एका परक्या बाईचा अंगठा. बस येईपर्यंत तो तसाच उभा होता.

तो थेट मालकाकडे गेला. "घर मला हवंच आहे," तो म्हणाला. "पण खरेदीखतावर मान्यता देणारी म्हणून तुमच्या बहिणीची सही हवी. त्यांची इच्छा असेल तरच."

"अहो साहेब, काही गरज नाही!" एजंट ओरडला. "कागद क्लिअर आहे. बँक हो म्हणतेय. उद्या त्या पैसे मागतील, मग?"

शिष्याने मालकाला अंगठ्याची हकिकत सांगितली. बाईंच्या शब्दांत, जशीच्या तशी.

मालक ऐकत गेला तसा खुर्चीत खचत गेला. "चष्मा तिच्या पिशवीत होता," तो म्हणाला. "मला दिसला होता. मी बोललो नाही. सही काय, अंगठा काय, काम झालं ना, असं वाटलं." मग एजंटकडे न पाहता तो म्हणाला, "त्या दुसऱ्या पार्टीला नाही म्हणून सांगा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मालक एकटाच बहिणीच्या गावी गेला. तिथे काय बोलणे झाले, ते त्या दोघांनाच ठाऊक. शिष्याला एवढेच कळले, की किंमत चाळीसच राहिली आणि त्यातला निम्मा वाटा भावाने आपण होऊन बहिणीच्या नावे करायचे ठरवले.

खरेदीखताच्या दिवशी नोंदणी कार्यालयात गर्दी होती. कारकुनाने सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला. कुमुदिनीबाईंनी रीतीप्रमाणे अंगठा उमटवला, मग पिशवीतून चष्मा काढला, पेन मागून घेतले आणि सावकाश आपले पूर्ण नाव लिहिले. मागच्या रांगेतला कुणीतरी "आजी, आवरा" म्हणाला. त्यांनी आवरले नाही. भाऊ शेजारी मान खाली घालून उभा होता, आणि त्याचे डोळे वाहत होते.

लिहून झाल्यावर त्या शिष्याकडे वळल्या.

"तेव्हा मी नुसतं सोडलं होतं," त्या म्हणाल्या. "आज देतेय. सुखानं राहा."

शिष्य नमस्काराला खाली वाकला. आजवर शेकडो अहवालांत त्याने 'हक्क सोडला' हे दोन शब्द एका दमात लिहिले होते. ते किती जड असतात, हे त्याला तिथे, त्या गर्दीत उमगले. त्याने गुरुजींकडे पाहिले. ते भिंतीशी उभे राहून आपला चष्मा पुसत होते.

आपणही कधी घराचे कागद पाहायला बसलात, तर सह्यांच्या पानावर थोडे अधिक थांबा.