एका मोळीत तीन हंडे

एका राज्यात, जिथं झोपेलाही जांभया येत, एकच विहीर होती. दरबारात कुणी उठून मान दिला नाही म्हणून कपालभद्र मांत्रिकानं तिच्यात मद कालवला आणि जमिनीखाली जाऊन बसला. ते पाणी जो पिई तो सात दिवस घोरे.

म्हणून येसाक्का भट्टीवाली बारा वर्षं हंडा उकळत बसली. मद वाफ होऊन नळीतून निघे, हंड्यात गोडं पाणी उरे. नळी निववायला ती विहिरीच्याच पाण्याच्या टाकीतून नेलेली. टाकी तापली की ते पाणी मांत्रिकाच्या नावानं जमिनीवर ओतायचं, अशी रीत. हंड्यात पुन्हा गार पाणी, चुलीत पुन्हा लाकूड. सगळं अरण्य जळलं. उरली एक मोळी आणि एक बेहड्याचं झाड.

राजा मेघकेतू कुऱ्हाड घेऊन आला.

बेहड्यावरचा धनेश पक्षी म्हणाला, "महाराज, ढोलीत माझी बायको आहे. दार चिखलानं लिंपलंय. पिल्लं मोठी होईतो निघायची नाही."

"माझी प्रजा बाहेर आहे. तहानलेली."

"भांडा नंतर," येसाक्का म्हणाली. "शापाला उतारा काय होता, महाराज?"

"एका मोळीत तीन हंडे निवळायचे. आजवर एकावरच मोळी संपली."

येसाक्कानं ढोलीकडं पाहिलं. पहिला हंडा तिनं तसाच चिखलानं लिंपला. ऊब आतच राहिली, अर्ध्या मोळीत काम झालं.

मग तापलेली टाकी ओतायला उचलली आणि थबकली.

"रीत आहे, अक्का," राजा म्हणाला.

"असू दे. त्या मेल्याला कधी आंघोळ ठाऊक होती?" तिनं ते ऊन पाणी दुसऱ्या हंड्यात ओतलं. ते उकळीच्या निम्म्या वाटेवर आधीच पोचलेलं होतं.

तिसरा हंडा तिनं निवळलेल्या कढत पाण्यात बसवून आधी तापवला, मग चुलीवर चढवला. शेवटच्या काटकीवर तोही निवळला.

जमीन दुभंगली. कपालभद्र वर आला. टकलावर बारा वर्षांच्या कढत पाण्याचे फोड.

"रीत कुणी काढली होती?" त्यानं विचारलं.

"आम्हीच," राजा म्हणाला.

"मी मागितलं नव्हतं," एवढं म्हणून तो थकून निघून गेला. विहीर निवळली.

राजानं कुऱ्हाड धनेशाच्या झाडाखाली पुरली. येसाक्कानं चूल विझवली आणि राखेपाशीच आडवी झाली. शाप सुटल्याची दवंडी त्या दिवशी राज्यभर फिरली, पण भट्टीजवळून जाताना दवंडीवाल्यानं ढोल काखेत धरला आणि बातमी कुजबुजत सांगितली.