रिकाम्या पोटाचं पथ्य

दुष्काळाचं वर्ष होतं. लेकीला उभंही राहवेना, म्हणून तुळसा तिला कडेवर घेऊन भीतभीतच दरबारात गेली. राजवैद्यांनी नाडी न बघताच फर्मावलं, "सकाळी रिकाम्या पोटी भिजवलेले बदाम, वर गाईचं दूध. पथ्यच पाळत नाही तुम्ही माणसं!"

तुळसा दचकली, पण बोलली, "पाळतो की वैद्यबुवा! रिकाम्या पोटाचं पथ्य तर आमचं सारं घर पाळतंय, दोन्ही वेळा. राहिले बदाम आणि दूध, तेवढं तुम्ही द्या."

वैद्यबुवांची मान खाली गेली. दरबार खदखदून हसला. महाराजांनी खूश होऊन तिला जरीचा शेला दिला. लेकीनं तो हुंगून पाहिला.

तुळसेनं विचारलं, "महाराज, हा शिजायला किती वेळ लागतो?"

"वा, काय हजरजबाबी बाई आहे!" महाराज म्हणाले, आणि दरबार पुन्हा हसला.