आ-कड्याचा दोर

सावकाश या ताई, मुरूम घसरतो इथे. हां, आता टेका या दगडाला.

हा समोर दिसतोय तो कडा. खाली फाट्यावर बोर्ड वाचला असेल तुम्ही, 'आकडा पॉइंट'. रंगवणाऱ्याने मधली रेघ खाल्ली, आणि तेव्हापासून येणारा प्रत्येक जण मला विचारतो, काका, कितवा आकडा? आकडा नाही हो, आ-कडा. 'आ'चा कडा. इथे उभं राहून कुठल्याही देवाला हाक मारा, समोरच्या डोंगरावरून परत येतो तो नुसता 'आ'. नंतर मारून बघा, आत्ता माझं ऐका.

माझं नाव बाबू. आमच्या गावात तीन आळ्या, आणि तिन्ही आळ्यांत दोन-दोन बाबू आहेत. तेव्हा मी कुठल्या आळीचा ते शोधत बसू नका. तुमचा आणि या साहेबांचा वाटेत वाद चालला होता, सगळे धर्म एकाच देवाकडे जातात की नाही. तो वाद या कड्यावर फार पूर्वी होऊन गेलाय. त्या वादापायी एक माणूस मरता मरता वाचला.

त्याचं नाव चिंधू ठाकर. ही गोष्ट माझ्या आज्याच्याही आज्याच्या आधीची असं सांगतात. कड्याच्या पोटात आग्या मोहोळाची पोळी लागायची. चैत्रात चिंधू वाखाच्या दोराला लटकून खाली उतरायचा, धुरी द्यायचा आणि पोळं कापून आणायचा. वर दोराला माणसं असायची, पण पहिला हात मेहुण्याचा. ही ठाकरांची जुनी रीत. भाऊ एक वेळ वाटणीच्या रागाने हात ढिला करील, पण मेहुणा सोडणार नाही, कारण खाली लटकलेला माणूस म्हणजे त्याच्या बहिणीचं कुंकू. चिंधूचा मेहुणा खेवजी. बायको आवडी, तीही वर उभी असायची.

चिंधू माणूस धीट, पण बोलताना अडखळायचा. एरवी थोडं, घाबरला की फार. पहिलं अक्षर तोंडात यायचं आणि तिथेच रुतून बसायचं. गावाला सवय होती, लोक थांबायचे.

त्या वर्षी तो खाली उतरला, धुरी दिली, पोळं कापलं, आणि वारा फिरला. धूर गेला दरीत आणि माश्या उठल्या वर. दोर धरलेली माणसं तोंड झाकून पळाली, आणि त्यांना दोष देता येत नाही, आग्या मोहोळ काय असतं ते ज्याला चावलंय त्यालाच कळतं. राहिला खेवजी आणि राहिली आवडी. खाली चिंधूचा पाय कपारीवरून सुटला आणि तो अधांतरी लटकला. दोघांच्या बळावर त्याला धरून ठेवता येत होतं, वर घेता येत नव्हतं. आणि दोर कड्याच्या धारेवर घासत होता.

आवडीने ओरडून मदत मागितली. नेमके त्याच वेळी वाटेने तिघं येत होते. अंबाबाईच्या देवळाचा गुरव, नाव विठोजी. दर्ग्याचा मुजावर, दादाभाई. आणि एक नाथपंथी जोगी, त्याला लोक रेवणनाथ म्हणत. तिघं पायथ्यापासून भांडत आले होते. गुरव म्हणत होता, आमची वाट सोडून दुसरी वाट देवापर्यंत पोचतच नाही. मुजावर म्हणत होता, पोचते, पण फक्त आमची. जोगी सगळ्यांत मोठ्या मनाचा. तो म्हणे, सगळ्या वाटा एकच आहेत रे, म्हणून तर सांगतो, माझ्या वाटेने या.

हसताय? घरी गेल्यावर आठवा, तुमच्याही ओळखीत असेल एखादा.

तर तिघं धावले. माणसं चांगली होती हो, खोटं कशाला बोलू. दोघांनी तोंडावर उपरणी बांधली, जोग्याने नुसती राख फासली, आणि दोराला हात घातला. पण दोर ओढायचा म्हणजे एका हाकेवर ओढावा लागतो. गुरवाने सुरू केलं, 'आई उदो'. मुजावराने 'अल्ला'. जोग्याने 'आदेश', ती त्यांची हाक. प्रत्येकाचा झटका वेगळ्या वेळी. एक ओढी तेव्हा दोघं श्वास घेत. दोर वीतभर वर यायचा आणि हातभर खाली जायचा. आणि त्यातही थांबून एकमेकांना सांगायचे, तू माझं नाव घे, म्हणजे बळ येईल.

खेवजीच्या तळहाताची साल निघाली होती. आवडी रडत म्हणाली, "बाबांनो, कुणाचं तरी एकाचं घ्या."

कुणाचं, यावर पुन्हा वाद.

खाली चिंधूला सगळं ऐकू येत होतं. डोळ्यांसमोर दोराचा एकेक पीळ सुटत होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं. त्याने सगळा जीव एकवटून तोंड उघडलं, आणि पहिलं अक्षर रुतलं.

"आऽऽ..."

समोरच्या डोंगराने ते उचललं. सगळा कडा 'आ'ने भरून गेला.

गुरव ओरडला, "ऐकलंत? आईला हाक मारतोय," आणि त्याने ओढलं. मुजावराला साफ 'अल्ला' ऐकू आलं, त्यानेही ओढलं. जोगी 'आदेश' म्हणत मागे रेलला. तिघांचा आणि खेवजीचा झटका पहिल्यांदाच एका वेळी लागला, आणि चिंधू हातभर वर आला. पुन्हा "आऽऽ", पुन्हा हातभर. एकवीस वेळा तो अडखळला, म्हणे, आणि बाविसाव्याला आवडीने त्याला दंडाला धरून धारेवर घेतलं. घेतलं आणि दोर तिथेच तुटला.

चिंधूचं तोंड सुजून भोपळा झालेलं. आवडी पाणी पाजत होती तेवढ्यात तिघं त्याच्यावर वाकले. सांग, कुणाला हाक मारत होतास? एकदा नाव सांग, म्हणजे निकाल लागेल.

चिंधूने तिघांकडे पाहिलं. "आ..." म्हणाला. तिघांनी कान पुढे केले. "आ... आ... आधी ओढा म्हणत होतो. मग भांडा."

खेवजी हसायला लागला, सोललेले हात पोटाशी धरून. मग जोगी खालीच बसला हसत. शेवटी गुरव आणि मुजावर एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसले.

पण गुरव चिवट. डोळे पुसत म्हणाला, "ते ठीक आहे. पण याला ओढलं कुणी?"

आवडीने चिंधूच्या कमरेचा बुधला सोडला. त्यात थोडा मध उरला होता. दोराने सोललेल्या हाताला मध लावायचा, हे ठाकरांचं औषध. ती म्हणाली, "हात करा पुढे." आधी भावाचे हात झाले, मग त्या तिघांनी ओंजळी पुढे केल्या. तिच्या डोळ्यांत पाणी, समोरचं काही धड दिसेना. नुसते तळहात दिसत होते, प्रत्येकावर दोराचा तांबडा वळ. ती मध लावत गेली आणि म्हणाली, "यातला आईचा कुठला, अल्लाचा कुठला, मला ओळखू येत नाही. मला माझा माणूस मिळाला. सगळे माझे भाऊ."

म्हणजे तिघं चिंधूचे मेहुणे झाले. त्यानंतर ते भांडले नाहीत असं नाही. भांडले, मरेपर्यंत भांडले. पण दर चैत्रात दोराला यायचे आणि नाव घ्यायचे फक्त 'आ'पर्यंत.

आजही चैत्री पुनवेला मधाचा बुधला कड्याखाली सोडतात आणि तिन्ही आळ्या एकाच दोराने तो वर घेतात. ओरडायचं फक्त 'आ'. पुढचं नाव ज्याचं त्याने पोटात ठेवायचं. मग एका आळीच्या बायांनी दुसऱ्या आळीच्या तळहाताला मध लावायचा. आजही गावात देवावरून आवाज चढला की कोणीतरी म्हणतं, आधी ओढा. मग हसू येतं आणि भांडण मिटतं.

आता विचाराल, काका, म्हणजे सगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोचतात का? ताई, वर कोण आहे ते मला इथून दिसत नाही. खाली कोण लटकलंय ते मात्र दिसतं.

चला, तुम्ही आलात म्हणून बुधला सोडून ठेवलाय. ताई, तुम्ही इकडून धरा. साहेब, तुम्ही त्यांच्यामागे. तुमचं दोघांचं वाटेत पटत नव्हतं ना, मग लागूनच उभे राहा. पहिला हात माझा, मी गावाकडचा मेहुणा. पोटातलं नाव सांगू नका, मी विचारणार नाही.

हं. आऽऽ...