हिवरकोटचा बसायचा दगड

हिवरकोटच्या राजवाड्यात आता पाहण्यासारखं उरलंय काय? सात मजल्यांपैकी जेमतेम दीड मजला, पोपटांनी पोखरलेल्या भिंती आणि कोरड्या हौदात उगवलेली रुई. दोनशे बारा पायऱ्या चढून आलेला पाहुणा हिरमुसतो. पण दरवाज्याच्या आत, उंबऱ्याला लागूनच, एक काळा गुळगुळीत दगड आहे, गुडघ्याइतका उंच. त्याच्यावर आपलं आपण कुणी बसत नाही. दुसऱ्यानं ‘बसा’ म्हणावं लागतं.

सावळाराम आबा पानभरे वाडा दाखवायचं काम करत. गेली एक्केचाळीस वर्षं ते पाहुण्यांना ‘बसा’ म्हणत आले होते. त्यांना मात्र कुणी कधी म्हटलं नव्हतं, आणि आपण होऊन जागा मागून बसायचं नाही ही पानभऱ्यांच्या घराण्याची शपथ. त्या दिवशी निघताना ते सुनेला म्हणाले होते, “आजच्या दिवस जातो. उद्यापासून नाही होणार बाई माझ्याच्यानं.” शेवटच्या दिवशी तरी कुणी म्हणेल, असं त्यांना सकाळपासून उगाच वाटत होतं.

पाहुणे दोघंच होते. वत्सलाबाई, जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या त्या, आणि त्यांचे धाकटे भाऊ मधुकरराव. मधुकरराव वर पोचले ते धापा टाकतच. “अहो आबा, एवढं चढवलंत ते हा ढिगारा दाखवायला?”

“बसा,” आबा म्हणाले. दोघं दगडावर टेकली. आबांनी कमानीला खांदा लावला आणि नेहमीच्या संथ आवाजात सुरुवात केली.

वाडा बांधला तेव्हा राजांना उंची हवी होती, असं सांगतात. पाण्याचं नंतर सुचलं. वर विहीर खणायला घेतली तर खडक, आणि खडकाखाली पुन्हा खडकच. मग पायथ्याच्या बारवेतून कावडीनं पाणी वर यायला लागलं, पानभऱ्यांच्या खांद्यावरून. चोवीस माणसं होती म्हणे त्या कामाला. आणि वाड्याचा दंडक असा, की आत राजांखेरीज कुणी बसायचं नाही. दिवाणसुद्धा उभे, तिथं कावडवाल्याची काय कथा! पाणी ओतायचं आणि उभ्या उभ्या परत फिरायचं.

एका उन्हाळ्यात युवराजांना देवी आल्या. अंगाची नुसती लाही. गावात साथ पसरली तसे तेवीस पानभरे बायकापोरं घेऊन रानात निघून गेले. त्यांना तरी नावं कशी ठेवायची? मागं उरला एकटा भिवबा. त्याचं पोर आदल्या वर्षी ह्याच दुखण्यात गेलं होतं. “माझं गेलं, हे तरी जगू दे,” असं म्हणाला म्हणे तो. नऊ दिवस चोवीस जणांचं पाणी त्यानं एकट्यानं वर आणलं. दहाव्या दिवशी ताप उतरला आणि पोरानं डोळे उघडले.

राजे हरखून गेले. “भिवबा, माग. जमीन माग, सोनं माग.”

“महाराज, घटकाभर इथं टेकू द्या,” भिवबा म्हणाला.

केवढीशी ती गोष्ट! पण राजे अडखळले. दंडक मोडायचा तो असा ऐनवेळी कसा मोडायचा? शास्त्रीबुवा आले, पंचांग उघडलं. आज भद्रा, उद्या अमावस्या. मुहूर्त निघाला तो परवा, तिसऱ्या प्रहरी. राजांच्या मनात काही वाईट नव्हतं हो, तेही सांगायला पाहिजे. “परवा तुला वाजतगाजत गादीशेजारी बसवतो,” ते म्हणाले. भिवबा ‘जी’ म्हणाला, कावड उचलली आणि पायऱ्या उतरला. पाणी तर लागतच होतं.

परवाचा दिवस उजाडला. सनई लागली, मखमलीची बैठक घातली. भिवबा ह्या उंबऱ्याच्या आत, कावडीवर हनुवटी टेकून उभा होता. “ये भिवबा, बस,” राजांनी हाक मारली. तो हलला नाही. उभ्या उभ्याच गेला होता.

राजे त्या गादीवर पुन्हा बसले नाहीत. गादीखालचा दगड उपसून त्यांनी स्वतः ढकलत इथवर आणला, असं म्हणतात. मग ते खाली गावात राहायला गेले आणि वाडा ओस पडला.

आबा थांबले. वत्सलाबाईंची नजर मघापासून त्यांच्या सुजलेल्या घोट्यांवर होती.

“आबा, तुम्हाला कोण म्हणतं हो ‘बसा’?”

आबा ओशाळून हसले. “म्हणणारा मीच. मला कोण म्हणणार बाई?”

“इतक्या वर्षांत कुणीच नाही?”

आबांनी मान फिरवून हौदाकडे पाहिलं.

“ऊठ रे मधू,” वत्सलाबाई उठत म्हणाल्या.

“उठतो गं, दोन मिनिटं. आधी ह्या दगडाचा एक फोटो...”

“आता तूही मुहूर्त काढतोस का? ऊठ म्हणते ना!” मधुकरराव ताडकन उठले. वत्सलाबाईंनी आबांचा दंड धरला. “आबा, बसा.”

आबा बसले. दगड उन्हानं कोमट झाला होता. बराच वेळ ते डोळे पुसत राहिले आणि कुणी घाई केली नाही. मग त्यांना आठवलं, गोष्टीचा शेवट सांगायचा राहिलाच की. आजही हिवरकोटात दारी आलेल्याला नाव-गाव विचारायच्या आधी ‘बसा’ म्हणतात. एक्केचाळीस वर्षं उभ्यानं सांगितलेलं हे वाक्य आबांनी त्या दिवशी बसून सांगितलं.